कागदाचा घोडा

पहाडगंज, दिल्ली
४ फेब्रुवारी १९९८

प्रिय लतिकाबाई,

तुमचं दोन ओळींचं पत्र काल मिळालं. ‘दिल्ली कायमची सोडून बावीस तारखेच्या गाडीनं पुण्याला अलकाकडे चालले आहे, हे फोनवर सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, वा, फारच छान! तुम्हाला इतका आनंद झालेला पाहून बरं वाटलं.’ खाली सही आणि सहीखाली जोरात ओढलेली रेघ. एकवीस वर्षं तुमच्या शेजारच्या वर्गात शिकवलंय मी, ती रेघ मला वाचता येते. या रागाचं उत्तर माझ्याकडे आहे. पण मी पडलो विज्ञानाचा मास्तर. आधी साहित्य, मग कृती, आणि अनुमान सगळ्यात शेवटी. तुमच्या गाडीला अजून अठरा दिवस आहेत, तेवढा धीर धरा.

इकडे धुकं अकराच्या सुमाराला उठतं आणि मग गच्चीवर छान ऊन पडतं. खाटेवर बसून मी मटार सोलतो, निम्मे तोंडात टाकतो आणि डोळे मिटून घेतो. पहाडगंज हल्ली फार शांत झालंय, बाई. तुम्हाला खरं वाटणार नाही. स्टेशनात इंजिनाची शिट्टी झाली की आपण दोघंही आपापल्या वर्गात वाक्य अर्धवट सोडून थांबायचो, आठवतं ना? आता गाड्या येतात, जातात, शिट्टी मात्र नाही. भाजीवाला मुकाट्यानं गाडी ढकलत जातो. वरात येते, बँडवाले गाल फुगवतात, घोडीपुढे पोरं नाचतात आणि सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं. शिट्ट्या बंद केल्याबद्दल रेल्वेला मी अभिनंदनाचं पत्रसुद्धा लिहून ठेवलं होतं. बरं झालं, टाकलं नाही.

अशा वेळी डोळ्यांसमोर ती आपली लांबलचक खोली येते. शाळेत जागा नाही म्हणून मुख्याध्यापक अण्णासाहेबांनी तिच्या मधोमध लाकडी कपाटं उभी केली. अलीकडे माझी प्रयोगशाळा, पलीकडे तुमचा संगीताचा वर्ग. माझ्याकडे गंधकाचा वास, तुमच्याकडे सा लावणाऱ्या तीस मुली, त्यातल्या दहा भलतीकडेच. पहिल्याच आठवड्यात मी तणतणत तक्रार घेऊन आलो. तुम्ही तंबोऱ्यावरून नजरही न काढता म्हणालात की तुमचा वास आम्ही सोसतो, आमचा सूर तुम्ही सोसा. बळवंतरावांच्या माघारी तुम्ही नोकरी धरली होती, तुमची चार वर्षांची अलका मागच्या बाकावर चित्रं काढत बसायची. तुम्ही दुःखी, गरीब, हळू बोलणाऱ्या असाल असा माझा समज होता. तो साफ खोटा ठरला. मी हसत परत गेलो, आणि मला वाटतं, माझं काय व्हायचं ते त्याच दिवशी झालं.

आता साहित्य. नववीला ध्वनीचा धडा शिकवताना मी स्वरमापी काढायचो. ती म्हणजे एक लाकडी पेटी आणि तिच्यावर ताणलेली तार. तारेवर दुमडलेला कागदाचा चिटोरा बसवायचा, त्याला पोरं घोडा म्हणायची. शेजारी नादकाटा वाजवला आणि दोघांचा सूर जुळला, तर तार थरथरते आणि घोडा उडून पडतो. एका बुधवारी मी नादकाट्याला हातही लावला नव्हता, आणि घोडा पडला. पोरं ओरडली, “सर, बिल्कुल हात नाही लावला हं आम्ही, अपने आप पडला!” पुन्हा बसवला, पुन्हा पडला. मग माझ्या ध्यानात आलं. माझं टेबल कपाटाला टेकलेलं, पलीकडून तुमचा तंबोरा त्याच कपाटाला टेकलेला, आणि तुम्ही सा लावला होता. माझी तार योगायोगानं तुमच्या सुरात लागली होती.

पोरांना मी अनुनाद समजावून सांगितला. स्वतःला काहीच सांगितलं नाही. पण त्यानंतर दर बुधवारी, चौथ्या तासाआधी, ती तार मी त्याच खुणेवर ताणून ठेवत आलो. धडा उष्णतेचा असो की गंजण्याचा, कोपऱ्यात घोडा बसलेला असायचा. तुम्हाला ठाऊक आहे, माझा कान कच्चा, गाण्यातलं मला ओ का ठो कळत नाही. तुमच्या घरच्या बैठकीला दर महिन्याला जनकपुरीपर्यंत येऊन मी चुकीच्या जागी मान हलवायचो आणि साथीला बसलेल्या वीणाताई पदरात हसायच्या. पण बुधवारी मी चुकत नसे. घोडा पडला की समजायचं, लतिकाबाई आल्या. सर्दीमुळे तुम्ही चार दिवस गैरहजर होतात, तेव्हा तो तसाच बसून राहिला आणि मी नववीच्या वर्गावर विनाकारण खेकसलो.

आता अनुमान. रेल्वेनं शिट्ट्या बंद केलेल्या नाहीत. माझे कान गेले आहेत, दोन वर्षांपूर्वी हळूहळू सुरू झालं, आता काही उरलेलं नाही. डॉक्टरांनी मशीन दिलं, त्यातून नुसती भांडी आपटल्यासारखं येतं. म्हणून बैठकीला येणं बंद केलं. तुम्ही गाणार आणि मला काहीच ऐकू येणार नाही, हे तुमच्यासमोर बसून मला झेपलं नसतं. त्या रविवारी खालच्या सुमित्रानं खुणेनं तुमचं नाव सांगून फोन हातात दिला. तुमचा फोन घेत नाही, असं कसं म्हणणार? मला वाटलं, अलकाची काही चांगली बातमी असेल, आणि मी अंदाजानं म्हणालो, वा, फारच छान! तुम्ही काय सांगत होतात ते मला काल पोस्टमननं सांगितलं.

शाळेनं जुनं सामान काढलं तेव्हा ती स्वरमापी मी मागून घेतली. टेबलावर आहे, तार खुणेवर ताणलेली, घोडा बसवलेला. इतकी वर्षं ‘तुम्ही’ म्हणालो, आता एवढ्या चार वाक्यांपुरतं ते मला सोडू दे. जायच्या आधी तंबोरा घेऊन ये, टेबलाला टेकव आणि एकदा सा लाव. मी समोर बसून बघेन. मग त्या दिवशीची फोनवरची गोष्ट कागदावर लिहून मला पुन्हा सांग, या वेळी मी नीट उत्तर देईन, राहा म्हणेन. तरीही पुण्याला जायचं असेल तर जा, लतिका. पण मला आनंद झाला असं समजून जाऊ नकोस.

तुझाच,
विश्वास