कारणासकट परत

दादा, आज मी आमच्या साहेबांना तोंडावर नाही म्हणाले, आणि ते तुमच्यामुळे. तुम्ही हयात असता तर साहेबांचीच बाजू घेतली असती, म्हणून मुद्दाम तुम्हालाच सांगते.

मी नगरला घरी बसून एका डेअरीचं मोबाईल ॲप बनवते. दूध घालणाऱ्या बायका त्यात अर्ज भरतात आणि भरलेलं बरोबर आहे का, हे तपासणारी फंक्शनं मी लिहिते. आमची प्रोग्रॅमिंगची भाषा फंक्शनल. तिच्यात फंक्शनला भीडभाड नसते. तोच मजकूर दिला की तेच उत्तर, सरपंच असो की शेजारीण. हे तुम्हाला पटलं असतं. पण तपासण्या जोडायच्या दोन रीती आहेत. पहिली चूक दिसली की थांबायचं, नाहीतर सगळं तपासून सगळ्या चुका एकदम हातात द्यायच्या. मी दुसरी धरली. आधारचा एक आकडा कमी, गायीच्या बिल्ल्याचा नंबर चुकला, खातं नंबर राहिला, तिन्ही एकाच वेळी आणि सरळ मराठीत. जन्मतारीखच नसेल तर वय तपासत बसत नाही, तेवढं थांबणं मलाही कळतं. साहेब म्हणतात, नुसतं ‘अर्ज अमान्य’ दाखवा, कारणं दिली की लोक भांडतात. उद्यापर्यंत बदललं नाही तर काम दुसऱ्याला देणार आहेत. खुशाल देऊ देत.

लोक भांडतात! तुम्हीही हेच म्हणायचात. आठवतं ते असं: मी बारावीत आहे, सकाळची वेळ, आईमागे डेअरीच्या लाईनीत उभी. तुम्ही दुधाचे टेस्टर, टेबलामागे. आधी किटलीचा वास, मग लॅक्टोमीटरची डिग्री, मग फॅट. आमची किटली येते. तुम्ही डिग्री बघता, मान वर करत नाही.

“परत. पुढची आना.”

“काय झालंय ते तरी सांगा की,” आई म्हणते.

“परत म्हंजे परत.”

मागची बाई हसते. “टेस्टरच्या बायकोचंच दूध परत व्हय!”

घरच्या किटलीलाही सूट नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, आजही आहे. पण त्या पंधरवड्यात आपलं दूध तीनदा परत आलं, आणि घरी आईने पाय धरायचे बाकी ठेवले तरी तुम्ही बोलला नाहीत. “लाईनीत कुनाला सांगत न्हाई, मग तुला घरात कसं सांगू? लोक काय म्हनतील?” तुमचा न्याय तो हाच. आईने मग स्वतःच कारण शोधलं. पेंड बदलली, चारा बदलला, शेवटी गायीला दगडी झाली, कासच बिघडली, असं ठरवून तिला काष्टीच्या गुरांच्या बाजारात विकायला पाठवलं. कालवडीपासून वाढवलेली गाय, दादा. आई दोन दिवस जेवली नाही आणि तुम्ही तेही बघत बसलात. याची माफी मी अजून तुम्हाला दिलेली नाही आणि देणारही नाही. नाही म्हणायचा हक्क तुम्हाला होता. कारण दाबून ठेवायचा नव्हता.

म्हणून माझं फंक्शन नुसतं ‘परत’ म्हणणार नाही. काम गेलं तरी चालेल.

आता राहिलेलं. ती गाय गेल्यावर आणलेल्या दुसऱ्या गायीचं दूधही एकदा परत आलं. दुसऱ्या दिवशी धारेआधी मी किटलीत वाकून पाहिलं. तळाला तांब्याभर पाणी होतं. किटली विसळायचं काम माझं होतं. कॉलेजची एसटी चुकेल म्हणून ती उपडी न घालता तशीच ठेवायची मी. त्या दिवसापासून उपडी घालू लागले आणि दूध पुन्हा कधी परत आलं नाही. का, ते मी कुणाला सांगितलं नाही.

आई आत शेंगा निवडत बसली आहे. गायीला दगडीच झाली होती, असं ती अजूनही सांगते. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, हे पत्र कुठे जायचं नाही. तिला सांगायचं धाडस मात्र मला आजही झालेलं नाही.