कुणी हूं म्हणेना

१८ एप्रिल
ठरलं. एक मेच्या ग्रामसभेत मी बोलणार. मी! धाकट्या बहिणीची, गौराची दहावी झाली. तिला कॉलेजला जायचंय, आणि पाड्यावर सकाळची एसटीच नाही. बाबांचं एकच — "गाडी नाय तं कॉलेज नाय." मग गाडी मागायलाच हवी. पण शाळेत 'हजर' म्हणतानासुद्धा माझ्या तोंडून आवाज फुटायचा नाही!

१९ एप्रिल
मोहाची फुलं वेचताना धोंडीबाई आत्याला अख्खं भाषण ऐकवलं. आत्या प्रत्येक वाक्याला "हूं… हूं…" करत होती. आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकारा द्यायचाच, नाहीतर गोष्ट पुढे सरकत नाही. एकदाही अडखळले नाही! आत्या म्हणाली, "बेस बोलतेस गं चंदना!"

२३ एप्रिल
जव्हारला वक्तृत्वाचं शिबिर. उभी राहिले. पहिलं वाक्य झोकात! मग थांबले — हुंकाऱ्यासाठी. समोर तीस जण गप्प. ते माझ्याकडे टकामका बघतायत, मी त्यांच्याकडे! मॅडम म्हणाल्या, "विसरलीस का?"

"नाही मॅडम, कुणी हूं म्हणेना."

हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मलाही हसू आवरेना. मग मॅडमनी कामाचं सांगितलं — हुंकारा मनात स्वतःच दे, तेवढ्यात श्वास घे, आणि माणसांकडे बघ.

२५ एप्रिल
जमतंय!! शेळ्यांनी भाषण पाच वेळा ऐकलं.

१ मे
ग्रामसभेत उभी राहिले. "आपल्या पाड्यावरच्या नऊ मुली…" मनात हूं. पुढचं वाक्य. मनात हूं. आणि मागून, बायकांतून, खराखुरा — "हूं!" आत्या!! मग सगळ्या बाया. मग पुरुष. शेवटी सरपंचसुद्धा! ठराव मंजूर! घरी येताना बाबा वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "माझी पोर बोलली." मला जेवणसुद्धा सुचत नाहीये.

७ मे
उद्या तो ठराव घेऊन एसटीच्या साहेबांसमोर बोलायचंय, आणि घसा पार बसलाय! आठवडाभर ज्याला त्याला तेच भाषण करून दाखवत फिरले. हौस!

८ मे
आवाज फुटलाच नाही. शेवटी गौरा उठली. पहिल्या वाक्यानंतर थांबली, वळून माझ्याकडे बघितलं. "हूं," मी म्हटलं. तेवढाच आवाज उरला होता. सोळा जूनपासून सकाळी सहाला गाडी!