कुंकवाची रेघ

दादा,

बॅटरी बदलायला घरी आलास तर आधी हे वाच. फवारणीचा ड्रोन परत उडवू नकोस. तू फोन उचलत नाहीस, म्हणून मी उसाकडंच निघालेय.

सकाळपासून पुढच्या सेमिस्टरचे विषय निवडत बसले होते. विमानाच्या भागांची तपासणी हा विषय कंटाळवाणा म्हणून मी शेवटच्या वर्षावर ढकलला होता. म्हटलं, काय शिकवतात ते तरी बघावं. त्यात लिहिलंय, भागाला लाल रंग लावायचा आणि पुसून काढायचा. बारीक तडा असेल तिथं रंग आत मुरतो आणि लाल रेघ उरते.

काल दसऱ्याच्या पूजेनंतर ड्रोनच्या पंखा धरणाऱ्या डाव्या दांडीवरचं ओलं कुंकू मी तीनदा पुसलं, तरी एक रेघ राहिलीच. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे की गं, देवाचं हाय ते." मीही सोडून दिलं.

टाकीत औषध भरायला आकारामतात्या ड्रोन उतरताना खालीच उभे राहतात. त्यांना बांधावर थांबव.

हे लिहितेय तोवर उसातून ड्रोनचा आवाज येत होता. आत्ता थांबला. तू बॅटरी घ्यायलाच निघाला असशील ना?

शिवांजली