भावाचा उपास

सँडीफोर्ड, नागपंचमी, २०१७

प्रताप,

"ताई, दोनच महिने," म्हणत तू तुझा साप माझ्याकडे ठेवून टोरंटोला गेलास, त्याला आता तीन वर्षं होतील. विकतचे उंदीर त्याला चालत नाहीत. म्हणून ज्या हॉट प्रेसच्या कपाटात इथली माणसं टॉवेल उबदार ठेवतात, तिथे मी उंदरांची पैदास करते. पिल्लं वाढवते आणि मारते. जिच्या घरात कधी अंडंही शिजलं नाही, ती मी!

माझं ऑपरेशन झालं तेव्हा तुझा व्हिडिओ कॉल आला. वाटलं, आठवण झाली. "बरी आहेस ना? ग्रँड, मस्त. जरा कॅमेरा त्याच्याकडे वळव."

काल भावाचा उपास होता. साबुदाणा भिजवायला विसरले, दिवसभर नुसत्या चहावर राहिले. संध्याकाळी चिमट्यात उंदीर धरून त्याला भरवला. आज सकाळी आईचा फोन आला, "नागाला भाऊ मानतात गं, म्हणून हा उपास. केलास ना?"

केला, म्हटलं.

हे पत्र पाठवणार नाही. वाचून तू त्याचीच चौकशी करशील.

आणि उपास तुझ्यासाठी नव्हता, प्रताप. तो निदान जेवायला तरी घरी असतो.

त्याची ताई,
चित्रा