पासष्ट इंचांवरून बांधलेली युद्धनौका

मी, हेमकांत रूपचंद पाटील, वय एकाहत्तर, निवृत्त फिटर, राहणार पुरुषोत्तमनगर, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझं हृदय निम्म्याहून कमी चालतं, असं डॉक्टर म्हणतात. डोकं पूर्ण चालतं, असं मी म्हणतो आणि खाली सह्या करणारे दोघे त्याला साक्षी आहेत. वकिलांनी मजकूर तयार करून दिला होता. तो मी बाजूला ठेवला, कारण त्यात माझा मुलगा ‘मयत’ या एका शब्दात उरकला होता. त्या शब्दाला मला बारा वर्षं लागली. तेव्हा तो मीच लिहिणार.

कलम १. माझी पत्नी शांतीबाई २०१९ साली वारली. मुलगी हेमांगी सुरतेला सुखात आहे. मुलगा कल्पेश नौदलात इंजिन विभागात होता. जुलै २०१३ मध्ये वादळात तो युद्धनौकेच्या डेकवरून समुद्रात पडला. नऊ दिवस शोध घेतला, देह मिळाला नाही. त्याचं वय सत्तावीस होतं आणि ममताशी लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. ममता तेव्हापासून माझ्या घरी आहे. अंगणवाडीत शिकवते, माझ्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते.

कल्पेश मयत आहे. लिहिलं.

कलम २. माझं राहतं घर, मागच्या पडवीसह, मी ममताला देतो. तिने पुन्हा लग्न केलं तरी घर तिचं, न केलं तरी तिचं. या घरात तिची बारा वर्षं मी वापरली आहेत, त्यामुळे हे बक्षीस समजू नये.

कलम ३. शांतीबाईचे दागिने आणि बँकेतली ठेव हेमांगीला. हेमांगीने दरवर्षी मला सुरतेला चला म्हटलं आणि मी दरवर्षी पडवीत बांधत असलेल्या जहाजाचं निमित्त सांगितलं. बेटा, मला तुझ्याकडे यायचं होतं. पण पडवीला कुलूप लावून निघायला मन धजावत नव्हतं.

कलम ४. आता जहाजाविषयी. ते मालमत्तेत मोडतं की नाही, हे वकिलांना ठरवता आलं नाही.

देह नसला तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा करून त्याला तापीकाठी प्रकाशा गावच्या घाटावर अग्नी देतात. शांतीबाई पहिल्या वर्षापासून मागे लागली होती. “पोऱ्याले मोकळं करा हो. तो आजून पानीम्हाच शे,” असं ती रोज म्हणायची. पुतळा जाळला की माझ्या हाताने मुलगा मेला असं होणार होतं. म्हणून मी तिला सांगितलं, आधी त्याचं जहाज बांधतो. ते पुरं झालं की करू. तिने माहेरचा सागवानी पलंग मोडून द्यायला परवानगी दिली. त्याच्या पट्ट्यांचा तळ झाला. ती मेली तेव्हा जहाजाला तोफही बसली नव्हती.

नकाशे मिळावेत म्हणून मी नौदलाला पत्र लिहिलं होतं. युद्धनौकेचे नकाशे बाहेर देत नाहीत, असं त्यांनी सभ्यपणे कळवलं. मग मी कल्पेशने पाठवलेला एक फोटो घेतला. धक्क्यावरून काढलेल्या त्या फोटोत तो डेकवर कठड्याशी ताठ उभा आहे आणि अख्खी नौका दिसते. त्याची उंची मला ठाऊक होती. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मी दर वाढदिवसाला त्याची खूण करत असे. शेवटची खूण तो भरतीला निघाला त्या दिवशीची, वय अठरा, पासष्ट इंच. त्या पासष्ट इंचांवरून कठडा काढला, कठड्यावरून डेक, डेकवरून डोलकाठी. तीस फुटांना एक फूट या हिशेबाने अकरा फूट लांबीचं जहाज. कठड्याच्या चारशे बारा काड्या तांब्याच्या तारेच्या आहेत, प्रत्येक सांध्याला डाख मी दिला आहे. रडारला चहाची गाळणी कापली. २०१७ साली तळ अर्धा इंच चुकल्याचं कळलं, तेव्हा सगळं उकलून पुन्हा बांधलं. लोकांना वाटलं, हा केवढा काटेकोर. खरं सांगायचं तर त्या चुकीने मला बरंच वाटलं होतं. आणखी तीन वर्षं मिळाली.

कलम ५. माझी सर्व हत्यारं, डाख देण्याच्या सामानासह, तोरणमाळच्या दिवाल्याला द्यावीत. तो कारखान्यात माझ्यासोबत रोजंदारीवर होता. सागाच्या पट्ट्या वाफेवर वाकवायला त्यानेच शिकवलं. बारा वर्षांत त्याने एकदाही विचारलं नाही, की हे कशासाठी.

कलम ६. श्री. हिंमतराव, निवृत्त टर्नर, यांनी १९९८ साली माझा माप घ्यायचा कॅलिपर नेला तो आजतागायत आणला नाही. ते खाली साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही म्हणतात. म्हणून तो मी त्यांना देत नाही, फक्त परत मागत नाही. दुसरी बाब अधिक गंभीर. २०१६ साली ते आपल्या विधुर पुतण्यासाठी ममताचं विचारायला आले. मी त्यांना उंबऱ्यावरूनच घालवलं आणि म्हणालो, या घरातली सून सवाष्ण आहे. ममता आत ताटं मांडत होती, तिने ते ऐकलं. नऊ वर्षं मी हिंमतरावांशी बोललो नाही. गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी चहा दिला. कॅलिपर कपाटावर दिसत होता.

कलम ७. या वर्षी चैत्रात जहाज पुरं झालं. करायला काही उरलं नाही, तेव्हा मी दुसरा रंग द्यावा म्हणू लागलो. ममता कणीक मळत होती. मी बढाई मारली, की नौदलाने नकाशे दिले नाहीत तरी काय, ह्या चौकटीवरून एकेक माप काढलं. तिचे हात थांबले. नवऱ्याचं नाव न घेता ती म्हणाली,

“बाबा, त्या पासष्ट नव्हतात. भरतीनंतर दोन इंच वाढनात. सदुसष्ट.”

मी म्हणालो, काहीतरीच. तिने आतून त्याचा शर्ट आणि पँट आणली. लग्नानंतर तिने स्वतः शिवलेली. मी कॉलरपासून पँटच्या टोकापर्यंत टेप लावला, वर डोक्याचं माप धरून चौकटीशी पाहिलं. ती बरोबर होती. मुलगा वाढला आणि मला कळलं नाही. सुट्टीवर आला की तो पाया पडायला वाकायचा, मग मी पाळीवर जायचो. परत येईपर्यंत तो झोपलेला असायचा. त्याला सरळ उभा मी पाहिलाच केव्हा?

म्हणजे सगळं जहाज चार इंच कमी. मी तिला विचारलं, तुला हे केव्हापासून माहीत?

ती म्हणाली, “पह्यल्या दिनपाईन. तुमी चौकटले टेप लायी ऱ्हायंतात तव्हयच.”

“मग बोलली का नाहीस?”

“सांगतू तर तुमी परत उकलतात. मंग मी कव्हय मोकळी व्हतू?”

जहाज उकलायला उचललेली हातोडी माझ्या हातात होती. तिच्या केसांत पांढरं आलेलं मी त्या दिवशी पाहिलं. ती चोवीस वर्षांची असताना मी तिला थांबवलं होतं. आज ती छत्तीसची आहे. हातोडी मी जागेवर ठेवली. माझ्याकडून तिच्यावर अन्याय झाला आहे आणि तो या घराने फिटत नाही.

कलम ८. शाळेचे मुख्याध्यापक जहाज दर्शनी भागात ठेवायला मागतात. देऊ नये. ते कोणत्याही खऱ्या नौकेच्या मापाचं नाही. येत्या सर्वपित्री अमावस्येला प्रकाशाच्या घाटावर कल्पेशचा विधी करावा. पळसाची तीनशे साठ पानं दिवाल्या आणणार आहे. जहाजातलं पत्रा-तारकाम त्याने काढून घ्यावं आणि सागवान चितेला वापरावं. ते शांतीबाईच्या पलंगाचं आहे, तिचाही हात लागेल.

वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं. बाकीचं होऊ दे तसं. हे कलम आजपासून लागू आहे. मी अमावस्येला असलो तर अग्नी मी देईन. हात उठला नाही तर हेमांगीने माझा हात धरावा. त्याआधीच मी गेलो तर मला थांबवून ठेवावं आणि आधी त्याचं करावं.

पुतळ्याचं माप चौकटीवरून घेऊ नये. ममताला विचारावं.

वरील मजकूर मी स्वतः लिहून, वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. अंमलबजावणी हेमांगीने करावी.

ठिकाण : पुरुषोत्तमनगर
दिनांक : ११ सप्टेंबर २०२५

(सही) हेमकांत रूपचंद पाटील

साक्षीदार :
१. (सही) हिंमतराव, निवृत्त टर्नर, पुरुषोत्तमनगर. कॅलिपर आज परत केला.
२. (सही) पारस मांगीलाल जैन, हार्डवेअर दुकानदार, शहादा. जहाजाचा रंग आणि तांब्याची तार आमच्याकडची.