कमळपक्ष्याची चार पिल्लं

३ ऑगस्ट ९९
तळ्यावर सकाळीच. कमळाच्या पानांवर कमळपक्ष्याची चार पिल्लं, बापाच्या मागे. ह्यांच्यात पिल्लं बापच वाढवतो. अंग सुपारीएवढं, पाय मात्र लांबच लांब. सु. धुणं घेऊन आलेली. म्हणाली, "चारी एका फोटूत घे रे. मग मानीन तुला." कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मला मानणारं कुणी उरलेलं नाय. मामाचा लग्नाचे फोटो काढायचा कॅमेरा मागून आणलाय, मोठ्या लेन्ससकट. चार म्हणजे चारच घेणार.

६ ऑगस्ट
फोटोत दोनच आली. बाकीची पानाआड. तेवढ्यात सु.चा भाऊ रघू जाळं टाकायला उतरला नि सगळी पांगली. मुद्दाम? मी तिच्याशी बोललेलं त्याला खपत नाय.

९ ऑगस्ट
भुरभुर पाऊस. पिल्लू एकही नाही! बाप एकटाच पानावर, पंख फुगवून, अंगाखाली गवताच्या काड्या लोंबताहेत. रागारागात दोन-तीन फोटो काढले. पुरावा राहू दे.
येताना रघू शहापूरच्या जीपमध्ये बसलेला दिसला. मांडीवर बांबूची पाटी, वर ओलं फडकं. फडकं हलत होतं, मी पाहिलं. सु.ला लग्नासाठी बघून गेलेला मुलगा शहापूरचाच. त्याला पाळायला नेली पिल्लं? की विकली?

१० ऑगस्ट
रघूला जीप स्टँडवर गाठलं.
"पिल्लं कुठं घातलीस?"
"डोकं फिरलंय काय रे तुजं? मासळी होती ती. पाखरांच्या वाटेला आमी जात नाय."
जीपवाला म्हणाला, "कालेज सोडून हा पोलिसात लागला वाटतं!" सगळे फिदीफिदी.
तडक तळ्यावर गेलो. त्याचं जाळं काठीवर वाळत होतं. कोयत्याने उभं फाडलं.
बरं वाटलं. संध्याकाळपर्यंत.

१२ ऑगस्ट
सु. विहिरीवर. मला पाहून कळशी अर्धीच भरली. जाता जाता, "त्या जाळ्यावर आमची चूल पेटते, ठाव हाय ना तुला?" बस्स.
रघूनेच पढवली असणार. नाहीतर शहापूरचं ठरलं असणार.

१८ ऑगस्ट
रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नाय. म्हशीचे, एसटीचे, स्वतःच्या चपलांचे फोटो काढून संपवला. मुरबाडला स्टुडिओत टाकला. येऊ दे. रघूला चारचौघांत दाखवतो, बाप एकटा उभा आहे ते.

२४ ऑगस्ट
फोटो आले. स्टुडिओवाला म्हणाला, "ह्या पाखराला एवढे पाय कसले रे?"
वाटलं, थट्टा करतोय. उजेडात नेऊन पाहिलं.
काड्या नव्हत्या त्या. पंखांखालून लोंबणारे पाय. आठ बारके, दोन बापाचे.
पाऊस लागू नये म्हणून पंखात घेऊन उभा होता. माझ्या डोळ्यांसमोर. आणि मी...
चारी एका फोटोत आली. दिसत नाहीत, पण आली.

२५ ऑगस्ट
फोटो शर्टाच्या खिशात. रघू अंगणात जाळं सांधत बसलेला. समोर बसून दुसरं टोक धरलं. 'बस' म्हणाला नाय, 'चालता हो' म्हणाला नाय. दोन गाठी सुटल्या तेव्हा, "ताणून धर. गाठ बसत नाय."
ताणलं. ती पाटी कोपऱ्यातच, वर तेच फडकं. शहापूरला कुणाकडे गेला होता ते ओठावर आलं. गिळलं.
सु. बाहेर आली. पाण्याचा तांब्या आमच्या दोघांच्या मधे ठेवला, आत गेली.
तांब्या एकच. कुणासाठी?
रघूने हात लावला नाय. मी पण नाय. जाळं सोडता येत नव्हतं.