तेर्त्तुआजीचा बर्फाचा दिवा

कुओपिओ, ९ जानेवारी

प्रिय आई,

हातमोजे काढून केलेला साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथे दुपारी तीनलाच अंधार पडतो. तेव्हा समोरची तेर्त्तुआजी दारात बर्फाचा दिवा लावते. बादलीतलं पाणी कडेकडेनं गोठलं की मधलं ओतून टाकायचं आणि त्या पोकळीत मेणबत्ती ठेवायची. म्हातारी एकटी राहते, म्हणून दिवा दिसला की ती ठीक आहे, असं आमचं ठरलेलं.

काल दिवा दिसला नाही. मी घरातल्या सपातांवरच बर्फातून धावले. दार ठोठावताना विष्णूची निम्मी नावं घेऊन झाली, तेव्हा कुठे ते उघडलं.

“सपाता घालून? वेडी की काय!” आजीच माझ्यावर ओरडली. “अगं, जुना दिवा तडकला आणि नवी बादली दोन दिवस बाहेर विसरले. तळापर्यंत दगड झालाय. मेणबत्ती काय माझ्या डोक्यावर ठेवू?”

मी ती त्या ठोकळ्याच्या माथ्यावर ठेवली. साक्षात तुळशीवृंदावन!

आई, तूही रोज दिवेलागणीला मला एक मिस्ड कॉल देत जा. तुझ्यापर्यंत सपातांवर धावणं मला जमायचं नाही.

पाय शेकत बसलेली तुझी,
मृणाल